थारवर पहिला खर्च कशाचा? आधी हवा, मग दोर, मग टायर

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी शेत, नुकतीच घेतलेली तीन वर्षं वापरलेली डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) महिंद्रा थार, १८ इंची चाकं, हाताशी दीड लाख रुपये. मनातली यादी अशी: दोन इंची लिफ्ट (गाडी तेवढी उंच करणं), ३३ इंची मड टायर (चिखलाचे, खोल खाचांचे), पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), स्नॉर्केल (इंजिनची हवा छताजवळून घेणारी नळी), छतावर एलईडीची पट्टी. वापर म्हणजे पावसाळ्यात शेतरस्ता, मधूनमधून नंदुरबारच्या डोंगरातलं तोरणमाळ किंवा मोलगी-धडगाव, आणि दिवाळीत अस्तंबा शिखराची यात्रा. "काका, यातलं आधी काय करू?"

भाऊ, यादीतलं पहिल्या वर्षी काहीच करू नका. नवी गाडी दारात उभी असताना हे ऐकायला जड जातं, मला माहीत आहे. पण धुळ्यात पंचवीस वर्षं गॅरेज चालवताना आणि तितकीच वर्षं सातपुड्यात जीप नेताना मी जेवढ्या फसलेल्या गाड्या बाहेर काढल्या, त्यातल्या बहुतेक लिफ्ट नव्हती म्हणून फसल्या नव्हत्या. टायरात रस्त्याची पूर्ण हवा होती, ओढायला धड दोर नव्हता आणि चालकाने माती न बघता गाडी घातली होती. तुमचा पहिला खर्च या तीन गोष्टींवर व्हायला हवा, आणि त्यातली तिसरी फुकट आहे.

फुकटची आधी सांगतो, कारण शेतकरी म्हणून तुम्हाला ती माझ्यापेक्षा चांगली कळते. आपल्या काळ्या मातीत पाणी मुरलं की ती फुगते, टायरच्या खाचांत भरते आणि दोन फेऱ्यांत मड टायरसुद्धा गुळगुळीत गोळा होतो. खाली मुरूम लागेपर्यंत चाकाला टेकायला कडक असं काही नसतं. पेरणीला आपण वाफशाची वाट बघतो ना, गाडीलाही तोच नियम लावा. मूठभर माती घेऊन दाबा, गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर गाडी घाला. चपटा होऊन चिकटला तर गाडी बांधावर ठेवा आणि पायी जा. वाफसा नसलेल्या रानात हजारो रुपयांचा टायर आणि कंपनीचा टायर यांत फरक पडतो तो दहा-पंधरा पावलांचा. शिवाय ओल्या रानात चाकोरी पडली की माती दाबली जाते आणि पुढच्या हंगामात तिथलं पीक खुजं राहतं. ते नुकसान तुमचंच आहे.

आता हवा. मला हे शिकवलं शहाद्याच्या एका काळी-पिवळीवाल्याने. धडगावच्या रस्त्यावर डांबर नावापुरतं होतं तेव्हा तो चौदा माणसं घेऊन साध्या टू-व्हील ड्राइव्ह जीपने जायचा. मी चढाला अडकून इंजिन रेटत होतो, तो खाली उतरला आणि म्हणाला, "भाऊ, पयले हवा सोड, मंग जोर लाव." चारही चाकांची हवा त्याने काडीने दाबून अंदाजाने कमी केली आणि गाडी त्याच चढावरून निघाली.

होतं काय, तर हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो. रुंदी थोडी वाढते, लांबी जास्त वाढते. तोच भार मोठ्या जागेवर वाटला जातो, त्यामुळे मऊ जमिनीत चाक कमी रुततं. दगडावर टायर दगडाभोवती वाकतो, त्यावरून उडत नाही. पकड मिळते, धक्का कमी बसतो आणि धारदार कडेने फाटण्याचा धोकाही कमी होतो. रस्त्यासाठी दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा ठेवा, आणि ती टायर थंड असताना मोजा. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या टायरात काटा वर दिसतो, म्हणून तिथे हवा सोडलीत तर सकाळी ती कमी भरते. घाटातल्या खडीच्या कच्च्या रस्त्याला मी २२ ते २४ पीएसआय ठेवतो, चिखलात आणि तापीकाठच्या रेतीत १६ ते १८. साध्या रिमवर १५ च्या खाली जात नाही, कारण तिथून टायर वळणावर रिमवरून उतरू शकतो. हवा कमी असेपर्यंत वेग ताशी ३० च्या आत, झटक्याने स्टेअरिंग फिरवायचं नाही, आणि डांबरी रस्ता लागला की पहिलं काम हवा भरणं. कमी हवेवर महामार्गाला ८० ने पळवलेला टायर आतून तापतो आणि कडेने फुटतो.

यासाठी दोनच वस्तू लागतात. हवा मोजायचं चांगलं मीटर, आणि थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा कंप्रेसर. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर घेऊ नका. त्या सॉकेटचा फ्यूज मोठा प्रवाह झेलत नाही, आणि तुमच्या आकाराचे चार टायर भरता भरता तो कंप्रेसर तापून बंद पडतो. बॅटरीवर लावताना इंजिन चालू ठेवा. या दोन्ही वस्तू मिळून दीड लाखातला अगदी छोटा तुकडा जातो, आणि गाडीत यापेक्षा जास्त फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

दोराबद्दल मी जरा लांब सांगणार आहे, कारण इथे माणसं जखमी होतात.

वीसेक वर्षांपूर्वी शिंदखेड्याकडे एका ओल्या रानात मी एक जीप टोचन लावून ओढत होतो. बाजारातली साधी दोरी, टोकाला लोखंडी हूक, आणि तो हूक मी अडकवला फसलेल्या जीपच्या मागे असलेल्या ट्रेलर ओढायच्या गोळ्याला. तिसऱ्या झटक्याला गोळा तुटला. दोरीबरोबर उडाला आणि माझ्या गाडीची मागची काच फोडून पुढच्या सीटच्या पाठीत बसला. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं म्हणून आज हे सांगतोय. चूक पूर्ण माझी होती. ट्रेलरचा गोळा समान ओढ घेण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही.

म्हणून आधी गाडीच्या पुस्तकात ओढण्याचे बिंदू कुठे दिले आहेत ते बघा. रिकव्हरीला, म्हणजे फसलेली गाडी ओढून काढायला, चालणारा बिंदू चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्टने पक्का बसलेला असतो. ट्रकवर चढवताना गाडी बांधायला दिलेली पातळ कडी वेगळी, तिला हात लावू नका. मग लागतात दोन बो शॅकल (दोर अडकवायच्या, पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कड्या), ज्यांच्या अंगावर ४.७५ टन असा शिक्का उठवलेला आहे. शिक्का नसलेलं शॅकल म्हणजे नुसतं लोखंड. त्यानंतर दोर.

दोर दोन प्रकारचे आणि दोन्हींची कामं वेगळी. कायनेटिक दोर नायलॉनचा, तो रबरासारखा ताणला जातो आणि साठलेली ओढ हळूहळू फसलेल्या गाडीला देतो. तुमच्याच वजनाची दुसरी गाडी ओढणार असेल तेव्हा तो. दुसरा न ताणला जाणारा पट्टा, ट्रॅक्टरसाठी. हा फरक आपल्या भागात फार महत्त्वाचा, कारण खान्देशात खरी रिकव्हरी गाडी ट्रॅक्टर आहे. कुठेही फसा, अर्ध्या तासात कुणीतरी भाऊ ट्रॅक्टर घेऊन येतो, पैसे विचारले तर रागावतो. पण त्याच्याकडे असते साखळी. साखळी ताणली जात नाही, झटका जसाच्या तसा गाडीच्या चॅसिसला बसतो, आणि तुटली तर कडी गोळीसारखी उडते. त्याला हात जोडून सांगा: माझा पट्टा लावा, पहिल्या लो गिअरमध्ये घ्या, ढील आधी संपवा, झटका मारू नका. पट्ट्याच्या मध्यावर भिजलेलं गोणपाट टाका, म्हणजे काही तुटलं तर ते खाली पडेल. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा, पोरांना आधी.

आणि ओढण्याआधी खणा. चिखल चाकाच्या पुढे बांधासारखा साचतो आणि खालून गाडीचं पोट चिकटतं. फावड्याने चारही चाकांपुढची माती काढून उतार केला की ओढायचा भार कितीतरी उतरतो. म्हणून फावडं गाडीत कायम. सोबत फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाडीची सागाची फळी. काळ्या मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. फळीवर ठेवला की उचलतो. चाकाखाली घालायला चार रिकामी बारदानं ठेवा. पऱ्हाट्या किंवा तुराट्या घालायचा मोह होतो कारण त्या शेजारी पडलेल्या असतात, पण तिरप्या कापलेल्या तुराटीचं टोक टायरच्या कडेत सरळ शिरतं. उभ्या सडांतून गाडी नेण्याचंही तेच. तुरीच्या आणि कपाशीच्या सडांनी ट्रॅक्टरचे टायर फुटतात, तुमचे तर पातळ आहेत.

विंचही सध्या नको. विंचला समोर बांधायला काहीतरी लागतं. कपाशीच्या सपाट रानात झाड नजरेला पडत नाही, आणि जिथे सागाची झाडं आहेत तिथे जंगल आहे, बहुतेक वेळा वन खात्याचं. उद्या एकट्याने दूर जायची सवय लागली तर विंच जरूर घ्या. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढीचा घ्या, आणि झाडाची साल सोलणार नाही असा रुंद पट्टा सोबत घ्या.

टायर तिसऱ्या नंबरला, पण पैसा सर्वांत जास्त इथेच जाईल. तुमच्या गाडीला २५५/६५ आर १८ आहेत (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). त्यांची उंची भरते सुमारे ७८९ मिलिमीटर. ३३ इंचांत मोडणारा २८५/७० आर १७ घेतला तर ती होते ८३१. फरक ४२ चा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. त्या दोन सेंटिमीटरसाठी काय काय द्यावं लागतं बघा. प्रत्येक चाक जड होतं, ब्रेकला जास्त वजन थांबवावं लागतं, स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ने पळत असते, आणि प्रत्येक गिअर पाच टक्के उंचावतो, म्हणजे ज्या हळू चढाईसाठी लो रेंज (कमी वेग, जास्त जोराचे गिअर) दिली आहे तीच थोडी बोथट होते. थारचा ग्राउंड क्लिअरन्स (पोटाखालची मोकळी उंची) मुळात २२६ मिलिमीटर आहे. तुमचा शेतरस्ता आणि तोरणमाळ याहून जास्त मागत नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर उलट खाली उतरलो असतो. याच थारच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनीकडूनच १६ इंची रिम आणि २४५/७५ टायर येतात. त्याची रबराची भिंत १८४ मिलिमीटर, तुमची १६६. ही जास्तीची भिंतच सातपुड्यात कामाला येते: हवा कमी केल्यावर वाकायला जागा मिळते आणि रिम दगडावर आपटत नाही. आकार त्याच मॉडेलचा असल्याने फेंडरला घासायचा प्रश्न नाही. रिम बदलल्याची नोंद विम्याला मात्र द्या. प्रकार ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींचा) घ्या, मड टेरेन (मड टायर) नको. तुमचं नव्वद टक्के चालणं डांबरावर, आणि मड टायर पहिल्या पावसात ओल्या डांबरावर घसरतो. विकत घेताना कडेच्या भिंतीत किती थर आहेत ते विचारा, लोड इंडेक्स (टायर किती भार झेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नसावा, आणि टायर कधी बनला ते सांगणारे कडेवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात तीन वर्षं पडून असलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

मात्र आत्ताच्या टायरात खाच शिल्लक असेल तर ते झिजेपर्यंत थांबा. आधी हवेचा खेळ याच टायरांवर शिका.

टायर पाच घ्यायचे, चार नाही. चांदसैली घाटात माझे एकाच दिवशी दोन टायर कडेने फाटले आणि स्टेपनी एकच, तीही निराळ्या आकाराची. सातपुडा बेसॉल्टचा आहे. धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडी भिंती दिसतात ना, पूर्व-पश्चिम धावणाऱ्या, तसाच दगड फुटून घाटाच्या कडेला पडतो आणि त्याची धार पात्यासारखी असते. मधल्या नक्षीत गेलेला खिळा स्ट्रिप घालून बुजवता येतो, कडेचा चिरा बुजवता येत नाही.

पोटाखालचं संरक्षण यानंतर. आधी गाडी खड्ड्यावर घेऊन खाली स्वतः वाकून बघा. चेंबर (इंजिन तेलाचं), ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी), डिझेलची टाकी यांतलं काय उघडं आहे आणि आधीच्या मालकाने कुठे घासलंय ते दिसेल. जिथे ओरखडे आहेत तिथे प्लेट लावा. प्लेटला माती धुऊन काढायला भोकं हवीत, नाहीतर काळी माती आत साचून दगड होते. एक धोका वेगळा सांगायलाच हवा. तुमच्या बीएस-६ डिझेलमध्ये काजळी जाळणारा फिल्टर आहे. तो स्वतःला साफ करतो तेव्हा सायलेन्सरची लाइन भयंकर तापते. एप्रिल-मेमध्ये वाळलेल्या गवतावर किंवा गव्हाच्या धसकटांवर गाडी उभी करू नका, आणि प्लेटच्या वर अडकलेलं गवत दर फेरीनंतर हाताने काढा.

स्नॉर्केलबद्दल थोडक्यात. कंपनीने पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिली आहे, आणि ती साचलेल्या पाण्यासाठी धरा. अनेर, गोमाई, पांझरा या नद्यांना पाणी येतं ते वरच्या डोंगरातल्या पावसाचं. इथे ऊन असताना लोंढा येतो. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं तरी गाडी ढकलतं, आणि तिथे स्नॉर्केल काही करत नाही. त्यापेक्षा अॅक्सलच्या श्वासनळ्या (आतली हवा ये-जा करायच्या नळ्या) कुठवर आणल्या आहेत ते बघा. गरम अॅक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि तो सीलमधून पाणी ओढतो. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं की समजा पाणी गेलं. नळ्या इंजिनच्या खोलीत वरपर्यंत नेणं तासाभराचं काम आहे, कुणीही मेकॅनिक करून देईल.

लोखंडी बंपर आणि क्रॅश गार्डवर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कारवाई करायला सांगितलं. कारण खरं आहे: धडकेत चुरगळून जोर शोषायला हवा तो भाग कडक होतो, एअरबॅगचं गणित बिघडतं, आणि पायी माणसाला जास्त लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलाला मालकावर प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. लिफ्टही यातच येते. त्यात थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आखूड, भार वर गेला की देवगोईसारख्या घाटात उतारावरच्या वळणाला गाडी कलते. एलईडी पट्टीला समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्या धुळीत तोच प्रकाश परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

आता खर्चाआधीचा खर्च. गाडी तीन वर्षं दुसऱ्याच्या हातात होती. कूलंट, बेल्ट, होज, सस्पेन्शनचे बुश, शॉकअप, दोन्ही डिफरेन्शियलचं तेल बघून घ्या. ब्रेक ऑइल सरळ बदला. ते हवेतली ओल ओढतं आणि ओल धरलेलं तेल तोरणमाळचा सात पायरी घाट उतरताना उकळतं, मग पेडल पोकळ जातं. घाट खालच्या गिअरमध्ये उतरवा, ब्रेकवर नाही. शेतीच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या अंतराच्या निम्म्यात उघडून बघा. मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल (एक चाक घसरलं की मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) आहे का तेही तपासा, सगळ्या थारना नसतो. असेल तर एक चाक हवेत फिरू लागल्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नका. हलका, एकसारखा दाब ठेवला की तो स्वतः पकडतो. ही एक गोष्ट कळली की निम्म्या ठिकाणी दोर काढावा लागत नाही.

यावल, अनेर आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत, तिथे ठरलेला रस्ता आणि वन खात्याची परवानगी सोडून चाक फिरवायचं नाही. मोलगी-धडगावकडे फोनची रेंज तुटते, नकाशा आधी उतरवून घ्या आणि घरी परतायची वेळ सांगून निघा. अस्तंब्याला गाडी खालीच राहते, वर पायी जायचं आहे. त्या यात्रेसाठी गाडीला वेगळं काही लागत नाही.

येत्या रविवारी एवढं करा. मीटर आणा. शेतरस्त्याचा तुम्हाला नेहमी त्रास देणारा चढ निवडा, कोरडा असतानाच. आधी रस्त्याच्या हवेवर फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर, लो रेंज) चढा आणि चाक कुठे फिरतं ते सोबतच्या माणसाला बघायला सांगा. मग २२ वर आणून तोच चढ, मग १८ वर. तिन्ही वेळचे आकडे आणि काय झालं ते वहीत लिहा, आणि स्टेपनीच्या कडेवरचे ते चार आकडेही उतरवून मला कळवा. टायर आत्ता बदलायचे की दिवाळीनंतर, ते त्यावरून सांगतो.